बेताच्या खिशातला रायफलींचा संग्रह

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण ज्याची हौस लष्करी गोदामांतून बाहेर पडलेल्या जुन्या बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हा मागचा दट्ट्या हाताने मागेपुढे करावा लागतो अशा) रायफली जमवण्याची आहे आणि खिसा बेताचा आहे, त्याला मोलाचा विचार पहिल्या खरेदीपासूनच करावा लागतो. अमेरिकेत राहून मी हा संग्रह बरीच वर्षे करत आलो आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. अशा रायफलीची किंमत तिच्या घडणीवरून फारशी ठरत नाही; कोणत्या देशाने आपले कोणते गोदाम केव्हा रिकामे केले, यावरून ती ठरते. उत्तम घडणीची रायफल काही वर्षे मातीमोल विकली जाते आणि तीच पुढे साठा संपला म्हणून सोन्याच्या भावाने जाते. त्यामुळे कमी पैशांत संग्रह करणाऱ्याने ‘ही रायफल चांगली आहे का’ या प्रश्नाआधी ‘ही आज स्वस्त का आहे’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर कधी गोदामाच्या इतिहासात असते, कधी नळीच्या तोंडाशी, तर कधी काडतुसांच्या दुकानात.

गोदामाच्या इतिहासाचे ठळक उदाहरण म्हणजे रशियाची मोसिन-नागांत. ही रायफल झारच्या सैन्याने १८९१ मध्ये स्वीकारली, १९३० च्या सुमारास ती सुधारून ९१/३० हे रूप पुढे आले आणि दुसऱ्या महायुद्धात तुला व इझेव्हस्क येथील कारखान्यांनी ती लाखोंच्या संख्येने तयार केली. युद्ध संपल्यावर सोव्हिएत शस्त्रागारांनी या रायफली तपासल्या, दुरुस्त केल्या, लाकडाला नवे शेलॅक लावले, धातूवर कॉस्मोलाइन या घट्ट तपकिरी ग्रीसचा जाड थर चढवला आणि पेट्यांत भरून ठेवून दिल्या. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यानंतर हे साठे पाश्चात्त्य बाजारात येऊ लागले. २००० च्या दशकात येथे शंभर डॉलरच्या आत संगीन, पट्टा, काडतुसांची थैली आणि तेलाची डबी यांसह ९१/३० सहज मिळत असे. तेव्हा अनुभवी संग्राहक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. आज तीच रायफल कित्येक पट किमतीला विकली जाते. तिच्या घडणीत मधल्या काळात काहीही बदल झालेला नाही, बदल झाला तो फक्त पुरवठ्यात. स्वित्झर्लंडच्या के-३१ चेही तसेच झाले. यंत्रकामाच्या दृष्टीने ती या सगळ्या रायफलींत बहुधा सर्वांत नेटकी. बोल्ट न फिरवता सरळ मागे ओढायचा, आणि नळी बहुतेक वेळा आरशासारखी स्वच्छ. पण स्विस सैन्याने मोठ्या प्रमाणावर त्या काढल्या तेव्हा तिचाही भाव सामान्य माणसाच्या आवाक्यात होता. अनेक के-३१ च्या कुंद्याच्या लोखंडी पट्टीखाली ती ज्याच्या ताब्यात होती त्या सैनिकाचे नाव आणि तुकडी लिहिलेली चिठ्ठी अजूनही सापडते. दोन स्क्रू काढून ती पट्टी उघडण्याचा क्षण या छंदातील फुकट मिळणाऱ्या आनंदांपैकी एक आहे.

पुरवठ्याच्या या लाटांवर कायद्याचाही मोठा हात राहिला आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत युरोपातील सैन्यांनी आपल्या जुन्या रायफली टाकून दिल्या आणि त्या अमेरिकेत टपालाने विकल्या जाऊ लागल्या. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येसाठी वापरलेली इटालियन कार्कानो रायफल अशीच टपालाने मागवलेली होती आणि दुर्बिणीसह तिची किंमत १९.९५ डॉलर होती. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने बंदुकांची टपालविक्री बंद केली आणि लष्करी शस्त्रांच्या साठ्यांची आयातही थांबवली. १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ‘क्युरिओ आणि रेलिक’ वर्गातील, म्हणजे मुख्यतः ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील, शस्त्रांच्या आयातीला पुन्हा वाट मिळाली. आपण आज ज्याला मिलसर्प (मिलिटरी सरप्लस, म्हणजे लष्कराच्या जादा मालाचा) बाजार म्हणतो तो बऱ्याच अंशी या दुरुस्तीचे अपत्य आहे.

याच वर्गासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा संग्राहक परवाना आहे. तो प्रकार ०३ म्हणून ओळखला जातो, ३ वर्षांसाठी ३० डॉलर शुल्क पडते आणि त्यावर या वर्गातील रायफल दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याकडून थेट आपल्या पत्त्यावर मागवता येते. एरवी प्रत्येक वेळी स्थानिक दुकानदारामार्फत ती घ्यावी लागते आणि त्याचे हाताळणी शुल्क वेगळे द्यावे लागते; दोन-तीन खरेदींत परवान्याचे पैसे वसूल होतात. मात्र परवाना म्हणजे दुकान नव्हे. नफ्यासाठी सतत खरेदी-विक्री करण्यास तो चालत नाही, प्रत्येक येणाऱ्या आणि जाणाऱ्या शस्त्राची नोंद वहीत ठेवावी लागते, आणि राज्याराज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात, म्हणून अर्ज करण्याआधी आपल्या राज्याचे नियम वाचणे भाग आहे. १८९८ किंवा त्याआधी तयार झालेली शस्त्रे केंद्राच्या कायद्यानुसार ‘अँटीक’ ठरतात आणि त्यांना हा परवानाही लागत नाही. येथे एक गंमत आहे. फिनलंडने रशियन मोसिनच्या जुन्या रिसीव्हरवर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या सांगाड्यावर, नव्या नळ्या बसवून एम-३९ ही अतिशय अचूक रायफल तयार केली. त्यांतील काही रिसीव्हर १८९० च्या दशकातील आहेत, आणि कायदा रिसीव्हरचे वय पाहतो. म्हणून १९४० च्या दशकातली नळी आणि लाकूड असलेली रायफलही कागदोपत्री एकोणिसाव्या शतकातली ठरते. हे वर्ष रिसीव्हरच्या शेपटीखाली कोरलेले असते आणि ते पाहण्यासाठी रायफल लाकडातून बाहेर काढावी लागते. भारतातील वाचकांनी मात्र हे सारे दुरूनच वाचावे, तेथे .३०३ सारख्या लष्करी काडतुसांची शस्त्रे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे मनाई असलेल्या नळीच्या मापांत, मोडतात, त्यामुळे या स्वरूपातील छंदाला वाव नाही.

आता नळीकडे येऊ, कारण बेताच्या खिशाचा खरा कस येथे लागतो. विक्रेत्याची परवानगी घेऊन बोल्ट बाहेर काढावा, रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी आणि छोटा दिवा चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या पोकळीच्या, बाजूने धरून तोंडाकडून नळीत पाहावे. काळी दिसणारी नळी खराबच असते असे नाही. पन्नास-साठ वर्षांचे ग्रीस आणि जुन्या बाराची काजळी निघाल्यावर आतील, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या कडा तीक्ष्ण निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. उलट चकचकीत दिसणाऱ्या नळीतील खाचांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतील, तर ती चमक निरुपयोगी आहे. गंजाचे बारीक खड्डे गोळीच्या अचूकतेला वाटते तितके मारक नसतात. नळीच्या तोंडाची झीज मात्र फार मारक असते, कारण गोळीला शेवटचा स्पर्श तेथेच होतो. ही झीज बहुतेक वेळा गोळ्यांनी होत नाही. सैनिकांनी वर्षानुवर्षे पोलादी गज तोंडाकडून घालून नळी घासली, त्यामुळे ती होते. ती पाहण्याची साधी रीत अशी, की बाररहित डमी काडतूस गोळीच्या टोकाने नळीच्या तोंडात ठेवावे आणि ती किती खोल जाते ते पाहावे. जवळजवळ पितळी आवरणापर्यंत गोळी आत बुडाली, तर किंमत कितीही कमी असली तरी सौदा सोडून द्यावा.

त्याला एक अपवाद आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे अनेक जण चांगल्या मोसिन नाकारतात. सोव्हिएत शस्त्रागारांनी झिजलेल्या तोंडांवर उपाय म्हणून नळीचा तोंडाकडचा थोडा भाग आतून मोठा कातला, जेणेकरून गोळीचा शेवटचा स्पर्श आत, जिथे खाचा शाबूत आहेत तिथे व्हावा. अशा नळीत डमी काडतूस पूर्ण बुडते आणि पाहणारा दचकतो. पण दिवा टाकला की आत खाचांची सुरुवात एका स्वच्छ गोल कडेपासून झालेली दिसते, आणि ती कड नीट असेल तर रायफल उत्तम नेम धरते. विक्रेत्यालाच हे ठाऊक नसेल तर किंमतही खाली येते. याबाबतीत स्वीडनइतका प्रामाणिक विक्रेता मात्र मी पाहिलेला नाही. त्यांच्या ६.५×५५ काडतुसाच्या माउझर रायफलींच्या कुंद्यावर पितळेची गोल चकती बसवलेली असते आणि तिच्यावर नळीची अवस्था, तिचा व्यास आणि नव्या काडतुसाने नेम किती वर जाईल हे शस्त्रकारागिराने खुणेने नोंदवून ठेवलेले असते. अर्थात ही चकती तेवढ्याच प्रामाणिकपणे आजची स्थिती सांगेल असे नाही. ती लावल्यानंतर कुणी काय केले ते तिला ठाऊक नसते.

नळीनंतर हेडस्पेस. काडतूस चेंबरमध्ये टेकल्यावर त्याच्या बुडामागे बोल्टपर्यंत किती मोकळीक राहते, त्याचे हे माप आहे. ती जास्त असेल तर आवरण फाटून तप्त वायू डोळ्यांकडे येऊ शकतो. वेगवेगळ्या रायफलींचे सुटे बोल्ट बाजारात फिरत असल्यामुळे हे माप गेजने तपासल्याखेरीज कोणतीही जुनी रायफल झाडू नये. गेज विकत घेणे परवडत नसेल तर बंदूक-कारागिराकडून तपासून घ्यावे. त्यावर काटकसर करू नये. ब्रिटिश ली-एनफील्ड क्रमांक ४ मध्ये याची सोय मुळातच केलेली आहे. बोल्टचे पुढचे डोके स्क्रूसारखे सुटते आणि ते ०, १, २, ३ अशा वाढत्या मापांत मिळते, त्यामुळे झिजलेल्या रायफलीची मोकळीक मोठे डोके बसवून पूर्ववत करता येते. ३ क्रमांकाचे डोके असलेली रायफल दिसली, की ती पुष्कळ वापरली गेली आहे किंवा तिचा बोल्ट बदलला आहे अशी शंका मी घेतो. काही रायफली मात्र तपासूनही झाडू नयेत. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड १९०३ चे ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाचे, स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बनलेले रिसीव्हर त्यांत येतात. तापवलेल्या पोलादाचा रंग कामगार नजरेने ओळखत आणि उजेड बदलला की नजरही फसे. परिणामी काही रिसीव्हर ठिसूळ झाले आणि फुटले. भिंतीवर लावायला ती रायफल सुंदर आहे, आणि याच कारणामुळे ती काहीशी स्वस्तही मिळते.

त्यानंतर क्रमांकांचा आणि मोहोरांचा प्रश्न. बोल्ट, मॅगझिनची तळपट्टी, कुंद्याची पट्टी आणि रिसीव्हर यांच्यावर एकच मूळ क्रमांक असणारी रायफल मोठ्या संग्राहकांना हवी असते आणि तिला ते भरघोस किंमत देतात. बेताच्या खिशाने या शर्यतीत उतरू नये असे मला वाटते. जर्मन के-९८के घ्या. सैनिकाने स्वतः घरी आणलेली, सर्व क्रमांक जुळणारी रायफल हजारो डॉलरला जाते. त्याच कारखान्यात बनलेली, पण सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेली रायफल पुष्कळ कमी किमतीत मिळते. सोव्हिएत शस्त्रागारात अशा रायफली एकत्र सुट्या केल्या गेल्या, भाग मिसळले, बोल्टवर नवे क्रमांक विजेच्या लेखणीने कोरले आणि रिसीव्हरवर फुलीची खूण ठोकली. जाणकार तिला कमी लेखतात. माझ्या मते ती अधिक सांगणारी वस्तू आहे, कारण एकाच लोखंडावर दोन सैन्यांच्या खुणा आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. खोट्या खुणांची भीती महाग रायफलींतच जास्त असते. आयात झालेल्या रायफलीवर असते ती आयातदाराची छोटी खूण घासून काढलेली आणि ‘आजोबांनी युद्धातून आणली’ अशी कथा जोडलेली रायफल पाहिली, की मी त्या कथेचे पैसे देत नाही. नळीच्या खालच्या बाजूस, तोंडाजवळ ब्ल्यूइंगचा (पोलादावरच्या निळसर काळ्या लेपाचा) रंग वेगळा दिसतो का एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

ली-एनफील्ड हा मराठी वाचकाच्या अधिक परिचयाचा विषय, कारण ‘थ्री-नॉट-थ्री’ आपण पोलिसांच्या खांद्यावर पाहत मोठे झालो. तिच्यातही किंमत कारखान्यागणिक बदलते. इंग्लंडमधील फझाकर्ली, कॅनडातील लाँग ब्रँच, ऑस्ट्रेलियातील लिथगो, आपल्याकडचे ईशापूर, आणि अमेरिकेतील सॅव्हेज. या शेवटच्या कारखान्याने ब्रिटनसाठी बनवलेल्या रायफलींवर ‘यूएस प्रॉपर्टी’ अशी मोहोर असते. ईशापूरच्या रायफलींना येथे काही काळ दुय्यम मानले जात असे, विशेषतः कुंद्याच्या पुढील भागातून आरपार घातलेला मजबुतीचा स्क्रू पाहून लोक नाक मुरडत. तो स्क्रू लाकूड फुटू नये म्हणून केलेला विचारपूर्वक उपाय आहे. ईशापूरने १९६० च्या दशकात ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवलेली २ए आणि २ए१ ही जुनी .३०३ रायफल नुसती आतून मोठी करून केलेली नव्हे; तिचा रिसीव्हर अधिक चांगल्या पोलादाचा नव्याने बनवलेला आहे. अशी माहिती विक्रेत्यापेक्षा आपल्याकडे जास्त असेल, तर घासाघीस न करताही सौदा स्वस्तात पडतो.

रायफल स्वस्त मिळाली तरी तिचे पोट भरणे महाग असू शकते, आणि नवखे संग्राहक येथेच फसतात. मोसिन स्वस्त होती तेव्हा तिच्या ७.६२×५४ आर काडतुसांचे ४४० नगांचे मोहोरबंद पत्र्याचे डबेही स्वस्त होते. रायफलींच्या लोकप्रियतेचे निम्मे श्रेय त्या डब्यांचे होते. ते साठे आटले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने देणे थांबवल्यावर ताजा मालही महागला. म्हणून रायफलीची किंमत विचारण्याआधी तिच्या काडतुसाची किंमत विचारावी आणि शंभर काडतुसांचा खर्च रायफलीच्या किमतीत मनातल्या मनात मिळवून पाहावा. ऑस्ट्रियाची स्टायर एम-९५ आणि इटलीची कार्कानो या दोन्ही स्वस्त दिसतात, पण त्यांच्या मॅगझिनला खास क्लिप, म्हणजे काडतुसे एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या पकडी, लागतात आणि क्लिप नसेल तर मॅगझिनचा उपयोग राहत नाही. कार्कानोच्या ६.५ काडतुसाची मूळ गोळी इतर ६.५ च्या गोळ्यांपेक्षा किंचित जाड, सुमारे ६.८ मिलिमीटर व्यासाची असते. सर्वसाधारण ६.५ ची गोळी घालून नेम चुकला की लोक रायफलीला दोष देतात, आणि तिची बदनामी आपल्या पथ्यावर पडते.

जुन्या लष्करी काडतुसांबाबत आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. त्यांतील बहुतेकांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हे क्षार नळीत उरते, आणि मिठाप्रमाणेच ते हवेतील ओल शोषून पोलादाला गंजवते. तेल किंवा सर्वसाधारण बंदूक-द्रावण ते विरघळवत नाही, पाणी विरघळवते. म्हणून त्याच दिवशी नळी, बोल्टचा चेहरा आणि फायरिंग पिनचा भाग गरम पाण्याने धुवावा, पूर्ण कोरडा करावा आणि मगच तेल लावावे. त्यासाठी महागडे द्रावण विकत घेण्याची गरज नाही. स्विस जीपी-११ काडतुसांना हा त्रास नाही, मात्र त्यांचे प्रायमर बर्डान पद्धतीचे, म्हणजे काढून बदलायला कठीण, असल्यामुळे रिकामी आवरणे पुन्हा भरणे अवघड जाते.

कॉस्मोलाइन काढताना घाई करू नये. उष्णता आणि मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचे द्रावण) यांनी ते हळूहळू सुटते, आणि लाकडातून ते आठवडाभर पाझरत राहिले तरी हरकत नाही. पण लाकडाला पॉलिश कागद लावणे आणि धातूला नवा रंग चढवणे हे मी अपराध मानतो. तपासनिसांचे शिक्के, दुरुस्तीच्या खुणा, कुंद्यावरील मार हेच तर आपण विकत घेतले आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत शिकाऱ्यांनी अशा असंख्य रायफलींचे लाकूड कापून त्यांना हलके ‘स्पोर्टर’ रूप दिले. आज त्या फार स्वस्तात मिळतात, आणि नळी कापलेली नसेल व रिसीव्हरला भोके पाडलेली नसतील, तर मूळ लाकूड आणि पट्ट्या शोधून त्यांना पूर्वरूप देता येते. हिशेब मात्र आधी करावा. ली-एनफील्डचे पूर्ण लाकूड आणि लोखंडी पट्ट्या सुट्या घेतल्या तर बऱ्याचदा तेवढ्यात सरळ मूळ रायफल येते. पैशांपेक्षा कामाची आवड असेल तरच त्या वाटेने जावे.

सध्या कशावर पैसे घालावेत असे कुणी विचारले, तर ज्यांची चेष्टा होते त्या रायफलींवर, असे मी सांगेन. इथिओपियातील जुन्या साठ्यांतून अलीकडे बऱ्याच कार्कानो आल्या. त्यांची अवस्था अनेकदा वाईट असते, पण निवडून घेतली तर १९३० च्या दशकात इटलीने इथिओपियावर केलेल्या आक्रमणाचा थेट पुरावा हाती येतो. फ्रान्सची एमएएस-३६ दिसायला ओबडधोबड आहे आणि तिला सेफ्टीही नाही, पण तिच्यात मोडण्यासारखे फारसे काही नाही आणि तिची ७.५ मिलिमीटरची काडतुसे मिळत राहतात. जपानच्या अरिसाका टाइप ९९ च्या रिसीव्हरवरील सम्राटाची शेवंतीची मोहोर शरणागतीच्या वेळी बहुतेकदा घासून काढण्यात आली. मोहोर शाबूत असलेली रायफल महाग आणि घासलेली स्वस्त, असा बाजाराचा नियम आहे. शरणागती झाली याची खूण असलेली वस्तू कमी किमतीची का मानावी हे मला अद्याप पटलेले नाही, आणि जोवर इतरांना ते पटते आहे तोवर मी घासलेलीच घेणार आहे.